मालगाडीवर माणसं किती

अप्पा, परवापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. ऑफिसात दोनदा भलत्याच माणसाला मेल गेली, काल वरणात मीठ घालायचं राहिलं, आणि हे रास लफानच्या गॅस कारखान्यातून शिफ्ट संपवून आले ते तसंच मुकाट्यानं जेवले, कारण बायको आज बोलत सुटलेली आहे हे त्यांना दारातच कळलं. तुमच्या नातीची गोष्ट आहे. ती जन्मायच्या आधीच तुम्ही गेलात, म्हणून थोडं मागून सांगते. आता ती अकरावीत आहे, इथे आखातात अल गराफाच्या शाळेत जाते, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत देते. नाक तुमचं आलंय आणि हट्टही तुमचाच. वकील व्हायचं हे तिनं आठवीतच जाहीर केलंय, आम्हाला विचारलं वगैरे नाही.

इथल्या शाळांमध्ये खोट्या कोर्टाची स्पर्धा असते. खटला रचलेला, पण न्यायाधीश म्हणून खरे वकील येऊन बसतात आणि पोरांना उभं-आडवं सोलतात. यंदाचा विषय आला आणि मी खुर्चीतून उठलेच. मालगाडीवर माणसं किती असावीत! अमेरिकेतला वाद आहे, तिकडे खऱ्या कोर्टांत वर्षानुवर्षं चाललाय. मालगाड्या खासगी कंपन्यांच्या. त्या म्हणतात, आता यंत्रं आली, इंजिनात एकच माणूस पुरे. काही राज्यांनी कायदा केला की आमच्या हद्दीतून गाडी न्यायची तर दोन माणसं पाहिजेतच. झालं, कंपन्या कोर्टात. रेल्वेची सुरक्षितता हा केंद्राचा विषय, एक गाडी कितीतरी राज्यांतून जाते, प्रत्येक सीमेवर थांबून माणसं चढवायची-उतरवायची काय, असं त्यांचं म्हणणं. राज्यं म्हणतात, केंद्रानं नियम केला असता तर आम्ही कशाला मध्ये पडलो असतो. पण त्यानं केलाच नाही, मग आमच्या लोकांचा जीव आम्ही सांभाळायचा नाही का? आणि केंद्राचं म्हणाल तर धरसोड. नियम करू म्हणायचं, मग नको म्हणायचं, मग पुन्हा करायचा.

मी तिला तुमच्याबद्दल सांगायला बसले ते थांबेचना. भुसावळहून सुटणारी मालगाडी, तिच्या शेपटाला तुमचा गार्डाचा डबा, तो ब्रेकव्हॅन, ना दिवा धड ना संडास, आणि त्यात तुम्ही एकटे, हिरवा झेंडा बाहेर धरून उभे. मधल्या कुठल्यातरी मालवाघिणीच्या चाकातून धूर येताना तुम्हाला दिसला होता आणि तुम्ही लाल झेंडा दाखवून गाडी थांबवली होती, तेही सांगितलं. आमच्या घरात ती गोष्ट रामायणासारखी चालायची. आई प्रत्येक वेळी धूर थोडा वाढवायची. पोरगी डोळे मोठे करून ऐकत होती. म्हणाली, तिकडे शेवटच्या डब्यात कुणीच नसतं, नुसतं एक यंत्र अडकवतात, दुसरा माणूस असलाच तर तोही इंजिनातच बसतो. आणि आपल्याकडेही आता ते यंत्र आलंय म्हणे, अप्पा. गार्डाला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात. तुम्ही यावर किती हसला असतात ते मला ऐकू येतं.

मग चिठ्ठ्या निघाल्या. कोणी कोणती बाजू मांडायची ते चिठ्ठीवर ठरतं. त्या दिवशी मी तिला शाळेतून आणायला गेले तर गाडीत बसली आणि दाणकन पट्टा लावला. अल अझीझियाचं वळण आलं तेव्हा म्हणाली, "आय गॉट द रेलरोड, मम्मा." म्हणजे कंपनीची बाजू. म्हणजे दुसरा माणूस सक्तीचा करता येणार नाही, असं हिनं उभं राहून सांगायचं. "इट्स आजोबाज जॉब. मी नाही करणार. आय विल पुल आउट." शेवटचं वाक्य इंग्रजीत आणि मधलं मराठीत, म्हणजे प्रकरण गंभीर. दोघींची टीम, हिनं अंग काढलं तर दुसरीही बाद. वर्षभर जिच्यासाठी जीव टाकला ती स्पर्धा हातातून जाणार होती, आणि तीही तुमच्यापायी. पण खरं सांगायचं तर मला मनातून बरंही वाटलं, की न पाहिलेल्या आजोबासाठी पोर अडून बसली.

घरी आल्यावर चहा टाकला आणि मला आपलं क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही पाटावर बसला आहात, समोर कागद पसरलेत आणि आई भांडी आपटतेय. त्या ड्रायव्हरवर खात्याची चौकशी लागली होती, ज्यानं मागे तुमच्याविरुद्ध साहेबाकडे तक्रार केली होती. चौकशीत आपलं म्हणणं मांडायला एखादा सहकारी सोबत नेता येतो, आणि त्या बाबानं नेमकं तुम्हालाच विचारलं. आई म्हणते, "दुनियेत दुसरं कोणी मिळालं नाही त्याला?" मीही शिंगं फुटल्यासारखी म्हणाले, तो माणूस वाईट आहे, तुम्ही त्याच्याकडून कसे बोलता? तुम्ही चष्मा काढलात. तुम्ही चष्मा काढला की आमची पाचावर धारण बसायची. "वाईट असेल. पण त्याचं म्हणणं नीट मांडायलाच कोणी नसेल तर ती चौकशी कसली? ती नुसती सजा झाली. आणि तू मोठ्यांच्या मध्ये बोलू नको, पोळी वाढ." मी पोळी वाढली. चौकशीत तो सुटला की नाही ते मला आठवत नाही, पण तुम्ही त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून गेलात हे आठवतं.

हे सगळं मी पोरीला सांगितलं, चष्म्यासकट. तिनं चहावरची साय चमच्यानं बाजूला केली. मग म्हणाली, "सो ही वुड हॅव डन इट?" मी म्हटलं, केलं असतं आणि वर तुला विचारलं असतं, तयारी कुठपर्यंत आली? ती उठली, लॅपटॉप उघडला आणि त्या क्षणापासून आमचं घर कोर्ट झालं. मी कंपनीत काँट्रॅक्टचे कागद बघते, तेव्हा कलमं वाचायची सवय आहे. मी राज्य सरकार, ती रेल्वे कंपनी, आणि हे घरी असले की न्यायाधीश. हे दर वेळी माझ्या बाजूनं निकाल द्यायचे, बायकोला घाबरून, म्हणून त्यांना काढून टाकलं. एकाच ठिकाणी तिची गाडी अडायची. त्या रचलेल्या खटल्यात केंद्र गप्प बसलं होतं, नियम केला नव्हता, तर त्याचा अर्थ 'नियम नको' असा कसा लावायचा? गप्प बसणं म्हणजे नुसतं गप्प बसणं नाही का?

आणि अप्पा, तिथे तुम्ही धावून आलात. कारण तुमच्या गप्प बसण्यावर आमचं अख्खं बालपण गेलंय. अजिंठ्याच्या सहलीचं विचारलं तेव्हा तुम्ही सगळं ऐकलंत, कोणत्या बाई सोबत आहेत, मुक्काम कुठे, सगळं खोदून विचारलंत, पेपरची घडी घातलीत आणि गप्प. तो नकार होता. वर अपील नाही. पण कधी तुम्ही ड्यूटीवरून येऊन पडलेले असायचात, आमचं बोलणं कानातच शिरायचं नाही, तेव्हाही गप्पच. त्या गप्प बसण्याचा अर्थ काहीच नसायचा, आणि मग आई बिनधास्त स्वतःचा कायदा चालवायची. मी हे हसत हसत बोलून गेले आणि पोरगी ताडकन उभी राहिली. "मम्मा, से दॅट अगेन."

स्पर्धेला आम्ही मेट्रोनं गेलो. या मेट्रोला ड्रायव्हर नाही, गार्ड तर नाहीच. नेहमी मी त्यात मोबाईल बघत बसते, त्या दिवशी मात्र पुढच्या काचेतून बोगदा बघत उभी राहिले आणि पोरगी ओठातल्या ओठात भाषण म्हणत होती. हॉल भरलेला. समोरच्या टीमचा पोरगा राज्याकडून इतकं सुरेख बोलला, आडरानात गाडी तुटलीय आणि एकटा ड्रायव्हर इंजिन सोडून मैलभर चालत मागे जातोय, की माझीच मान डोलायला लागली. मग ही उठली. मधली न्यायाधीशबाई सुदानी, आवाज असा की दगडाला घाम फुटेल. तिनं अर्ध्यातच थांबवलं. "यल्ला, चला, वकीलबाई, केंद्र गप्प आहे. गप्प बसणं म्हणजे बंदी, हे कुठून काढलंत?" मी पर्सचा पट्टा पिळत होते. मग पोरगी शांतपणे इंग्रजीत म्हणाली, ते तुम्हाला मराठीत सांगते: "न ऐकता गप्प बसणं वेगळं, आणि सगळ्यांचं ऐकून, विचार करून, नियम नको असं ठरवून गप्प बसणं वेगळं. पहिल्यात राज्याला जागा आहे. दुसरा हा निर्णय आहे. आणि या खटल्यात केंद्रानं आधी सगळं ऐकलंय." बाईनं पेन खाली ठेवलं. जिंकली, अप्पा, तुमची नात जिंकली. निकाल सांगताना बाई म्हणाल्या, कायद्यात ही बाजू सरस ठरली, पण माझ्या घरासमोरून मालगाडी जाणार असेल तर मला तिच्यावर दोन माणसं हवीत. सगळे हसले. मी इतक्या टाळ्या वाजवल्या की शेजारच्या बाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं.

तिथूनच आईला फोन लावला. ती म्हणाली, "ती गार्ड ठेवायचा का काढायचा, तीच केस ना? जिंकली का पोरगी?" मी म्हटलं, हो, जिंकली. कोणत्या बाजूनं ते सांगणार तेवढ्यात तिनं फोन ठेवलासुद्धा. आज सकाळी तिचा फोन आला. आपल्या गल्लीतल्या प्रत्येक निवृत्त गार्डाच्या घरी ती पेढे देऊन आलीय. दोघा-तिघांनी म्हणे डोळे पुसले. तुमच्या फोटोपुढेही पेढा ठेवला आणि तुम्हाला सांगितलं, की तुमच्या नातीनं अमेरिकेत गार्ड वाचवला. तिचा आवाज कित्येक वर्षांत एवढा खणखणीत ऐकला नव्हता. मी नुसतं "हो आई" म्हणाले.

तर तुम्हाला तेवढं खरं कळावं म्हणून हे लिहिलं. पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं; तुमची पत्रं नेहमी आईच आधी फोडायची.