मैनावेलीचा शोध

११ ऑगस्ट, रविवार

रिटायर झाल्यापासून आजचा पहिला कामाचा दिवस. सेमिनरी हिल्सला 'नागपूर वनस्पती ओळख' या ग्रुपचा वॉक. जाण्याआधी झाडांचं पुस्तक वाचून काढलं. म्हणजे चित्रं.

ग्रुपचा ॲडमिन सुमंत. प्रताप नगरला दातांचा दवाखाना. दातवाला झाडं ओळखतो, मग जन्मभर हेडक्लार्की केलेल्या माणसाला काय अवघड आहे?

पहिल्याच वळणावर मी खणखणीत सांगितलं, "हा कडुनिंब." सगळ्यांनी लिहून घेतलं. सुमंत हळूच म्हणाला, "बकाण निंब आहे परातेसाहेब. फळं बघा, गोल आहेत." बकाण काय आणि कडू काय, निंब तो निंबच. पण सगळ्यांनी खोडलं. एका बाईनं तर खोडरबर मागितलं.

माणूस फार गोड बोलतो. दातवाल्याचं गोड बोलणं म्हणजे धंद्याची तयारी.

१४ ऑगस्ट

संकल्प: रोज नवीन झाडं पाठ करायची. आजची: तुळस, आंबा, पेरू, पपई, केळी. सुरुवात दमदार.

२५ ऑगस्ट, रविवार

वॉकला गेलो नाही. कारण लिहून ठेवतो. बँकेत काउंटरवर एक सुंदर झुडूप दिसलं. फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'दुर्मिळ. बहुधा परदेशी.' सुमंतचं उत्तर: "परातेसाहेब, जमल्यास पान वाकवून बघा. प्लास्टिकचं असावं." त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग.

बँकेत जाऊन पान वाकवलं. त्याबद्दल इथे काही लिहायचं नाही.

१ सप्टेंबर

राजीनामा दिला. ग्रुपवर सविस्तर लिहिलं: गटबाजी, अपमान, ज्येष्ठांचा अनादर. सुमंतनं लिहिलं, "वाईट वाटलं. दार उघडं आहे." बाकीचे लगेच कोणत्यातरी मशरूमकडे वळले.

संध्याकाळी स्वतःचा ग्रुप काढला, 'खरी वनस्पती ओळख, नागपूर'. सभासद: मी. मिहानला आयटी कंपनीत असलेला धम्मदीप (जुन्या ग्रुपमधून ओढला. पोरगा सभ्य आहे, नाही म्हणता येत नाही त्याला). शेजारच्या अंजनाबाई. इंदू. आणि कुणी एक भूपेश, जो कसा आला ते कळत नाही. तो रोज सकाळी 'बेसा-पिपळा रोडला एन. ए. प्लॉट' टाकतो. असू दे. ग्रुप हलता राहतो.

इंदूला न विचारता घेतलं म्हणून ती रागावली. "मी सुमंतभाऊच्या ग्रुपात आहे नं जी. दोन-दोन ग्रुप काहून?" बायको शत्रूच्या गोटात आहे हे आजच कळलं.

१५ सप्टेंबर, सकाळी

इतिहास घडला.

आमच्या लेआउटमधल्या घरांच्या मागे रिकाम्या प्लॉटवर बोरीचं जंगल माजलंय. तिथे एका बोरीवर सोनेरी-पिवळ्या दोऱ्यांचं जाळं. मूळ नाही, पान नाही, नुसता दोरा. लहानपणी उमरेडला बाबा हातमागावर बसायचे. आई रेशमाच्या लड्या रंगवून अंगणात वाळत घालायची. पिवळ्या लड्यांवर ऊन पडलं की अगदी असंच दिसायचं. मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

अशी वनस्पती माझ्या पुस्तकात नाही. पुस्तकात नाही म्हणजे कुणालाच माहीत नाही. आईचं नाव द्यायचं. मैनाबाईची मैनावेल.

पिशवीभर काढून आणली. मूळ नसल्यामुळे कुंडीत लावता येत नाही. तिला आधार हवा. आमच्या फाटकावर इंदूची मधुमालती आहे. घर बांधलं तेव्हा इथे नुसता मुरूम होता. इंदूनं बाहेरून माती आणून ती वाढवली. आता कमानीवरून कंपाउंडभर पसरली आहे. उत्तम आधार. मैनावेल तिच्यावर अलगद सोडली.

१६ सप्टेंबर

इंदू दूध घ्यायला फाटकापाशी गेली आणि ओरडली.

"अहो, हे अमरवेल कुठून आणली? बोरीवर राहते थेच आहे नं! झाड खाते ते. काढा आधी."

मी शांतपणे सांगितलं, "इंदू, अमरवेल वेगळी असते. तुले काय समजते वं त्यातलं?"

ती म्हणाली, "मले मधुमालतीतलं समजते."

विज्ञानाला घरातूनच पहिला विरोध होतो. तिनं हात लावू नये म्हणून फाटकावर पाटी लावली: 'संशोधन सुरू आहे.'

२२ सप्टेंबर

इंदूनं सुमंतला फोटो पाठवला. त्याचा मला फोन. "परातेसाहेब, बाकी सगळं राहू द्या. अमरवेल आहे. आज उतरवा. उद्या नाही, आज. तुकडा राहिला तरी पुन्हा वाढते."

विचारलं, "तुम्ही प्रत्यक्ष पाहिली का?" म्हणाला, फोटोत स्पष्ट दिसते. फोटोवरून निदान! लोकांचे दातही फोटो बघूनच काढतो की काय?

"तुम्हाला शोध लागला नाही याचं दुःख मी समजू शकतो," म्हणालो आणि फोन ठेवला. फार बरं वाटलं. जेवण जास्त झालं.

२९ सप्टेंबर

पुरावा! अमरवेलीला पानं नसतात हे सुमंतच सांगतो. माझ्या वेलीला आता भरपूर हिरवी पानं आहेत, आणि पांढऱ्या, गुलाबी, लाल फुलांचे घोसही. तीन रंग एका वेलीवर. अमरवेल कशी असेल?

धम्मदीप आला होता. त्याच्या मोबाइलमध्ये झाड ओळखायचं ॲप आहे. अशा यंत्रांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. त्यानं फोटो काढला. ॲप म्हणालं, 'मधुमालती'. म्हणजे अमरवेल नाही हे यंत्रानंही मान्य केलं. धम्मदीप चाचरत म्हणाला, "काकाजी, ते मागच्या पानाले पाहून राहिलं असन." पोराला यंत्रातलं फारसं कळत नाही. मिहानवाल्यांनी याला कसा घेतला कोण जाणे.

२ ऑक्टोबर

प्रसार केल्याशिवाय शोध टिकत नाही. अंजनाबाईंना एक लडी दिली. त्यांना गुडघेदुखी आहे. औषधी असू शकते, असं म्हणालो. 'असू शकते' म्हणणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. त्यांनी ती कंपाउंडच्या मेंदीवर टाकली. धम्मदीपलाही एक दिली. त्यानं दोन बोटांत धरून नेली.

१४ ऑक्टोबर

एका कॉलेजच्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापिकेला नमुना पाठवला होता. सोबत चार पानी निवेदन, नावाची व्युत्पत्ती, आईचा फोटो. आज उत्तर आलं: 'अमरवेल. कृपया कुठेही लावू नये.'

एवढंच! चार पानांना एक ओळ. कॉलेजच्या साइटवरच्या फोटोत बाईंचे दात चांगले दिसतात. नक्की सुमंतकडे जात असणार.

आज ग्रुपची मीटिंग ठेवली होती. धम्मदीप दसऱ्यापासून दीक्षाभूमीच्या गर्दीत पाणीवाटपाला आहे, आला नाही. अंजनाबाई झोपल्या होत्या. इंदू घरातच होती, आली नाही. भूपेशनं प्लॉटचा नवा रेट टाकला.

१ नोव्हेंबर, दिवाळी

मैनावेल जोरात. कमान पूर्ण झाकली. इवल्या पांढऱ्या घंटांसारखी फुलं आली आहेत. मधुमालती थोडी मागे पडली आहे, पाऊस संपला की पडतेच.

दरवर्षी लक्ष्मीपूजनाला इंदू मधुमालतीचे घोस ठेवते. यंदा बाजारातून झेंडू आणला. मी म्हणालो, मैनावेलीची फुलं ठेव. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि दिवे लावायला गेली.

आठवडाभरात ती वेलीबद्दल काही बोललेली नाही. पटलेलं दिसतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

अंजनाबाई सकाळी थेट अंगणात. पायात चप्पल नाही, हातात पिवळा गुंता.

"परातेभाऊ, हे काय देल्लं तुमी मले? औषध म्हणे! माही सारी मेंदी वाळून गेली. गुडघा दुखतेच आहे, आता कंपाउंडबी उघडं पडलं!"

मी म्हणालो, मेंदीला पाणी कमी पडलं असेल.

"पाणी? माहा नवरा होता तवापासून मेंदी आहे थे. तवापासून पाणी मीच घालून राहिली! तुमचं तोंड पाहाची इच्छा नाही मले."

गुंता माझ्या पायाशी टाकून गेल्या. ग्रुपमधूनही गेल्या. लोकांना संशोधनाची फळं लगेच हवी असतात.

त्यांच्या मेंदीकडे नंतर गच्चीवरून पाहिलं. पाणी कमी पडलं असेल असं आता तितकंसं वाटत नाही. बहुधा कीड.

२४ नोव्हेंबर

धम्मदीपचा मेसेज: "काकाजी, मी ग्रुप सोडून राहिलो. राग नका मानू. तुमी देल्लेली वेल मी त्याच दिवशी कचरागाडीत टाकली होती. सांगाची हिंमत नाही झाली."

महिनाभर मी त्याला विचारत होतो, वेल कशी आहे. तो म्हणायचा, चांगल्या जागी आहे.

ग्रुपमध्ये आता मी आणि भूपेश. इंदू कधी गेली ते पाहिलंच नव्हतं.

८ डिसेंबर, रविवार

मधुमालतीला एकही हिरवं पान नाही. त्यामुळे मैनावेलीलाही पानं नाहीत. तीन रंगांची फुलंही नाहीत. नुसता दोरा.

थंडीमुळे. नागपूरची थंडी वाईट.

इंदू फाटकाशी उभी होती. तिनं एक फांदी नखानं खरवडली. आत कोरडी. दुसरी खरवडली. मी बाहेर गेलो तशी ती आत गेली. जेवणात मीठ नव्हतं. मागितलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी फाटकाशी गाड्या थांबल्या. सुमंत आणि त्याच्या ग्रुपची माणसं. हातमोजे, कैच्या, पोती. मी विचारलं, कोणाच्या परवानगीनं?

मागून इंदू म्हणाली, "माह्या. मीच बोलावलं."

मी ओरडलो. काय बोललो ते सगळं लिहीत नाही. सुमंतला दरोडेखोर म्हणालो. त्याची पहिल्यापासून या वेलीवर नजर होती म्हणालो. माझ्या आईचं नाव आहे हे म्हणालो. त्यावर सगळे थांबले. सुमंतनं कैची खाली ठेवली.

"परातेसाहेब, आईंच्या नावानं झाड लावू आपण. चांगलं मोठं. पण हिला नको ते नाव."

एकही टोमणा नाही. मला भांडायला काहीतरी हवं होतं.

त्यांनी कमान उतरवली. पिवळा दोरा मधुमालतीच्या सालीत ठिकठिकाणी रुतून बसला होता, वेगळा निघेना. म्हणून मधुमालतीही कापली, जमिनीपर्यंत. मुळातून फुटू शकेल, असं सुमंत म्हणाला. मग सगळे अंजनाबाईंकडे गेले. त्या मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं त्यांना चहा विचारत होत्या.

पोती बांधत असताना मी एक लडी खिशात घातली होती. कुणी पाहिलं नाही असं वाटलं. इंदूनं समोर येऊन नुसता हात पुढे केला.

काढून दिली.

१६ डिसेंबर

फाटकावर आता काही नाही. रस्त्यावरून घर आतपर्यंत दिसतं. मी खुर्चीत बसलेला दिसतो. दूधवाल्यानं विचारलं, घर विकून राहिले का? भूपेशचा फोन आला, त्यानंही तेच विचारलं. माझ्या ग्रुपात आता तोच उरला होता. ग्रुप बंद केला.

इंदूनं मधुमालतीच्या खुंटाभोवती आळं केलं. मदत करू का विचारलं. "नाही जी. तुमी हात नका लावू." आळ्यापासून लांब उभा राहिलो.

दुपारी सुमंतनं मला ग्रुपमध्ये परत घेतलं. घेताच एक फोटो आला: आमचीच कमान, कालची. खाली प्रश्न, 'ओळखा पाहू. नवीन सभासदांसाठी.' धम्मदीपनं उत्तर दिलं. अंजनाबाईंनी दिलं. त्या कधी सामील झाल्या कोण जाणे.

मी 'मै' टाइप केलं. पुसलं. 'हवामानाचा विचार करता' असं लिहायला घेतलं. तेही पुसलं.

मग लिहिलं, अमरवेल.

सुमंतचं उत्तर आलं: 'बरोबर.' या ग्रुपवर माझं उत्तर बरोबर येण्याची ही पहिली वेळ.

स्वयंपाकघरात इंदूच्या फोनवर ग्रुपचा मेसेज वाजलेला ऐकू आला. ती बादली घेऊन आळ्याला पाणी घालायला गेली.