‘प्रार्थना केली’ या रकान्यातली माझी सही

प्रिय शरदकाका,

आज शनिवार. दुपारचे तीन वाजलेत. या वेळेला मी फरीदाबादच्या मेट्रोत असायची, मांडीवर पिशवी, पिशवीत तुमच्यासाठी पुस्तक. तुम्हाला जाऊन सात आठवडे झाले, तरी शनिवारी जेवणं आटोपली की माझे पाय चपला शोधायला लागतात. आज घरीच बसले आणि रोजनिशी उघडली. पण पहिलंच वाक्य तुम्हाला उद्देशून आलं. मग म्हटलं, पत्रच लिहू या.

तसं कारणही आहे. मागच्या रविवारी उपासना संपल्यावर आपल्या मंडळीच्या सेक्रेटरींनी पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. सगळ्यांसमोर. “शरदकाकांच्या मागे शालिनीताईच! एकेका पुस्तकावर प्रार्थना करणारी माणसं आता उरलीत किती?” लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका, त्या टाळ्या संपेपर्यंत मी मान वर केली नाही. लोकांना तो विनय वाटला असणार!

का, ते सांगते. तुम्ही असताना सांगायला हवं होतं.

लग्न होऊन मी इकडे उत्तरेत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले, तेव्हा मराठी वाचायला मिळेना म्हणून अगदी रडकुंडीला आले होते, आठवतं? दुसऱ्यांच्या चर्चचा हॉल मागून महिन्यातून एकदा आपली मराठी उपासना व्हायची, आणि हॉलच्या कोपऱ्यात तुमचं ते लोखंडी कपाट. जेमतेम तीनशे पुस्तकं. प्रत्येकाच्या आतल्या पानाला एक कार्ड चिकटवलेलं, त्यावर तुमच्या अक्षरात दोन रकाने : ‘वाचले’ आणि ‘प्रार्थना केली’. नवीन पुस्तक आलं की दोघांनी वाचायचं, दोघांनी त्यावर प्रार्थना करायची, दोघांच्या सह्या झाल्या की कपाटात. दोघांतला एक जरी ‘नको’ म्हणाला तरी पुस्तक बाहेर.

“काका, हे काय सेन्सॉर बोर्ड आहे?” मी विचारलं होतं.

“सेन्सॉर नाही गं. माणसानं पुस्तकापुढे एकट्यानं बसू नये, एवढंच.”

मागून काकी डबा उघडता उघडता म्हणाल्या, “गेल्या महिन्यात पाककृतींच्या पुस्तकावर प्रार्थना केली यांनी. मी म्हटलं, आधी माझ्या आमटीवर करा, मीठ जास्त झालंय!”

तुम्ही हसलात. तुम्ही कडक नव्हतातच. ती रहस्यकथा मी भीत भीत तुमच्यापुढे ठेवली तेव्हा एवढंच विचारलंत, “खुनी सापडतो ना शेवटी? मग राहू दे.” आणि एकदा बजावलंत, “शालू, भीती वाटली म्हणून ‘नको’ लिहायचं नाही. थांबायचं, परत विचारायचं, मग लिहायचं.” ते वाक्य मी त्याच दिवशी रोजनिशीत उतरवून घेतलं. आज ते पान शोधून काढलं. का शोधलं असेल मी? स्वतःला शिक्षा करायला?

काकी गेल्या. मग तुमचे डोळे गेले. एवढ्या मोठ्या अक्षरांचं ते स्तोत्रांचं पुस्तकही दिसेना, आणि तुमचा प्रकाश तुम्हाला फरीदाबादला आपल्या घरी घेऊन गेला. मग मी दर शनिवारी येऊन वाचायला लागले. आधी दोघांनी मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवायचा, डोळे मिटायचे, एक मिनिट गप्प. मग तुम्ही “हं” म्हणायचात आणि मी पहिलं पान उघडायची.

त्या एका मिनिटाबद्दलच हे पत्र आहे.

गेल्या हिवाळ्यात हॉलच्या दारात कुणीतरी पुस्तकांचा गठ्ठा ठेवून गेलं होतं. त्यात ती करड्या मुखपृष्ठाची लहानशी कादंबरी होती. ऑफिसच्या लंच टाइममध्ये दोन दिवसांत वाचून झाली. नवरा गेल्यावर एक बाई प्रार्थना करणं सोडते. सोडते म्हणजे काय, रविवारी चर्चमध्ये जाते, गाणी म्हणते, जेवायच्या आधी हात जोडते. ओठ हलतात. आत काही नसतं. शेवटच्या पानापर्यंत तसंच. दुसऱ्या दिवशी डबा तसाच परत घरी आणला मी.

शनिवारी तुम्ही विचारलंत, “त्या गठ्ठ्यात काही बरं निघालं का?”

मी थोडक्यात सांगितलं.

“मग? शेवटी परत वळते का ती?”

“नाही काका. पुस्तक संपतं.”

“अच्छा.” तुम्ही तोंड माझ्या आवाजाकडे वळवलंत. “वाचून दाखवशील का? थोडंसं?”

“नको. उगाच मन उदास होईल तुमचं.”

“माझं मन!” तुम्ही हसलात, पण नेहमीसारखं नाही. “बरं. तू प्रार्थना केलीस का त्यावर?”

“केली.”

“आणि?”

“नको असंच आलं.”

“मग नको,” तुम्ही म्हणालात. नियम तुमचाच होता, तुम्हीच कसा मोडणार? मी तुमच्यासमोर कार्ड भरलं, दोन्ही रकान्यांत सही केली, खाली ‘नको’ लिहिलं. पेनाचा आवाज तुम्ही मान कलती करून ऐकत होतात.

काका, मी प्रार्थना केली नव्हती.

विसरले नव्हते. मला जमतच नव्हतं. कितीतरी महिने जमत नव्हतं. माझ्या घरातलं कुणी गेलं नव्हतं, काही बिघडलं नव्हतं, सांगण्यासारखं कारणही नव्हतं. आतलं पाणी आटलं होतं. त्या बाईचे हलणारे ओठ वाचले आणि वाटलं, कुणीतरी मला चोरून पाहतंय. ते पुस्तक तुमच्यासमोर मोठ्याने वाचलं तर माझा आवाज चोरी सांगून टाकेल अशी भीती वाटली. तुमचं मन उदास होईल म्हणून नव्हे. मला तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं म्हणून.

पुढच्या शनिवारपासून मी तुमच्यासाठी ती धीर देणारी पुस्तकं आणायला लागले. रोगातून बरे झालेले लोक, ऐन वेळी आलेली उत्तरं. तुम्ही प्रत्येकाला “छान आहे” म्हणायचात. दहाव्या पानाला तुमचा डोळा लागायचा. मला वाटायचं, म्हातारपण. किती सोपं उत्तर!

दफनविधीनंतर तुमच्या खोलीत चादरी आवरत होतो, तेव्हा प्रकाश म्हणाला, “शालिनीताई, एक सांगू? मम्मी गेल्यापासून पपा प्रार्थना करत नव्हते.”

“काहीतरीच काय! दर शनिवारी माझ्याबरोबर करायचे.”

“हात जोडायचे. मी एकदा विचारलं, पपा, हल्ली मोठ्याने नाही करत? तर म्हणाले, आत काही नाही रे, पण शालूला बोलू नकोस. तिच्या विश्वासावर माझं भागतंय.”

मी पलंगावर बसले. हातात तुमची उशी होती. प्रकाशनं पाणी आणून दिलं, त्याला वाटलं मी तुमच्यासाठी रडतेय.

म्हणजे दर शनिवारी आपण दोघं एकाच पुस्तकावर हात ठेवून बसत होतो. तुम्ही मी प्रार्थना करतेय म्हणून गप्प. मी तुम्ही करताय म्हणून गप्प. आणि मधे कुणीच नाही! काका, तुम्ही एकदा तरी बोलायचं होतंत. मला कसला धक्का बसणार होता? की मला तुमच्याकडे बघून बरं वाटतंय, हे तुम्हाला कळत होतं आणि म्हणून तुम्ही ते मिनिट पार पाडत होतात? मी चिडलेय तुमच्यावर. खरंच चिडलेय. पण तुम्ही बोललाच होतात ना? “वाचून दाखवशील का, थोडंसं?” याच्यापेक्षा जास्त तुमच्यासारखा माणूस काय बोलणार? डोळे गेलेल्या माणसानं एक पुस्तक मागितलं. ज्यात त्याच्यासारखं कुणी होतं, असं एकच. आणि मी त्यावर खोटी सही करून त्याला एकटं बसवलं.

देवानं मला क्षमा केली असेल का, हे विचारायलाही प्रार्थनाच करावी लागते. तिथेच अडलंय.

ती कादंबरी मी कुणाला दिली नव्हती. टाकलीही नव्हती. कपड्यांच्या कपाटात, स्वेटरखाली होती. आज काढली. मुखपृष्ठावर हात ठेवून बसले, तुमच्यासारखे डोळे मिटून. मिनिट झालं, दोन झाली. खालून भाजीवाल्याची हाक आली, शेजारी कुकर वाजला. माझ्या आत काही आलं नाही. मग मी कार्डावरची दुसरी सही खोडली आणि शेजारी लिहिलं : ‘केली नव्हती. आजही जमली नाही. पुस्तक ठेवावे.’ अक्षर बारीक करावं लागलं. तुमच्या रकान्यात एवढ्याला जागाच नाही.

आता वचन देते. पुढच्या शनिवारी पिशवी घेऊन फरीदाबादला येईन. प्रकाशला फोन केला होता, म्हणाला, “मला वाचायची सवय नाही ताई, पण तुम्ही वाचा, मी बसतो.” तुमच्या खुर्चीशेजारी बसून पहिल्या पानापासून वाचेन, काही न गाळता, तिचे ओठ हलतात ती पानंही. दुसरी सही त्याची. मग पुढच्या उपासनेच्या रविवारी, पुस्तक कपाटात ठेवण्याआधी, ते कार्ड मंडळीला वाचून दाखवेन. त्यावर किल्ली परत मागितली तर देईन.

आणि सुरुवातीला ते एक मिनिट बसेन, काका. फक्त या वेळी गप्प नाही बसणार. आत काही आलं नाही, तर “काही आलं नाही” असं मोठ्याने म्हणेन. तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

तुमची,
शालू