एक काना जास्त

ताई,

तू पाण्याच्या लॅबमधलं सांगितलंस आणि मी ते पेपरात दिलं, म्हणून आज मी कोठडीत आहे. "बातमी कुणी दिली?" एवढंच विचारतात. मी तोंडात गुळणी धरून बसलोय.

घोळ माझाच होता. "रिपोर्ट बदललेला पाहून मी हादरले," हे तुझे शब्द मी जसेच्या तसे लिहिले. त्या लॅबमध्ये बाई तू एकटीच! पण छापताना एक काना जास्त पडला, 'हादरले'चं 'हादरलो' झालं, आणि ही मंडळी पुरुष शोधत बसली.

आता तुझ्या सहकाऱ्यांना एकेक करून बोलावतायत. तुला ते बघवणार नाही. लहानपणी शेजारून येऊन शुद्धलेखनासाठी माझा कान पिळायचीस. ही चूकही सुधारायला धावत येशील. नको गं येऊस! त्यांच्याविरुद्ध पुरावा नाही, ते सुटतील. तू सुटणार नाहीस.

एवढंच तुला कळवायचंय. पण इथे पत्रं फोडून वाचतात. पाकिटावर तुझं नाव लिहिलं, की मीच तुला दाखवून दिलं.

म्हणून हे फाडतोय. बाहेर कुणा बाईचा आवाज आला, की काळजात धस्स होतं.

कान धरून,
तुझा धाकटा