कोहळ्यातला गल्ला

एग्मोर, चेन्नई
विजयादशमी, गुरुवार

तीर्थरूप सईबाई आत्याबाईंना,

विद्यालक्ष्मीचा दोनदा नमस्कार. एक नेहमीचा, आणि दुसरा पुढे जे लिहिणार आहे त्यासाठी आगाऊ. तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? अप्पा विचारत होते की तेल बदललं का. इथे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे अप्पा बरे आहेत. मला रविवारपासून भात जात नाही, पण त्याचं कारण पोटात नाही. हे सगळं फोनवर सांगायला हवं होतं हे मला कळतं. पण फोनवर तुम्ही मध्येच “किती?” असं विचारता, आणि तो आकडा एकदा सांगितला की त्याच्या पुढचं मला काहीच सांगता येत नाही. म्हणून लिहिते.

आधी आपलं ठरलं काय होतं ते लिहून ठेवते, म्हणजे मी काही लपवलं असं व्हायला नको. शाळेच्या मैदानात रविवारी भरणाऱ्या शेतकरी बाजारात तुमच्या मळ्यातली भाजी मी तीन रविवार विकायची. (तुमची शाळेतली मैत्रीण मीनाक्षी मॅडम तिथे प्रमुख आहेत म्हणून ती जागा मिळाली, हे मी रोज आठवते.) तिन्ही रविवारचा पैसा विक्रीशी जुळला तर टेबल माझं, नाहीतर माझ्या चुलतभावाचं, हरिप्रसादचं. एक रुपया कमी नको आणि एक रुपया जास्तही नको, कारण जास्त असेल तर तो कुणाचा तरी चुकून आलेला असतो, हे तुमचे शब्द. तुमचा त्या चौकोनी चित्रावर फोन धरून पैसे घेण्यावर विश्वास नाही, म्हणून सगळा व्यवहार रोख. पहिल्या रविवारी जुळलं. दुसऱ्या रविवारी पाचशे कमी भरले, ते मी कळवलं, आणि तुम्ही तिसरा रविवार शेवटचा असं सांगितलंत. तो तिसरा रविवार म्हणजे हा.

तुम्हाला माहीत आहे की मी नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही, अप्पांनीच घरी शिकवलं. अप्पा रेल्वेच्या तिकीट खिडकीवर होते, त्यामुळे मला मुळाक्षरांच्या आधी नोटा सगळ्या एका तोंडाने कशा लावायच्या ते आलं. लोकांसमोर पैसे मोजायचे नाहीत, आणि नोटांना रबर लावायचं नाही (कड मोडते), हे दोन धडे मी कधीच विसरले नाही. या दुसऱ्या धड्याकडे कृपया लक्ष असू द्या.

पहिल्या रविवारी पैसे कमरेच्या बटव्यात ठेवले होते. लोकांसमोर मोजायचे नाहीत म्हणून प्रत्येक वेळी सुट्टे काढताना मी गिऱ्हाइकाकडे पाठ करत होते. पैसा जुळला, पण माझी पाठ फिरलेली असताना शेवग्याच्या दोन जुड्या कुणीतरी नेल्या, त्यांचे पैसे मी माझ्या पैशांतून भरले. (हे मागे कळवायचं राहिलं. राहिलं नव्हतं, धीर झाला नव्हता.) दुसऱ्या रविवारी स्टीलचा डबा, त्याला कुलूप, आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. दोरा आखूड निघाला. कुलूप उघडायचं म्हणजे मला डब्यावर नाक टेकवावं लागत होतं. डब्यावर मी आपलं नाव आणि पत्ताही चिकटवला होता, की चोरीला गेलाच तर चोराला परत आणून द्यायला सोपं जावं. हरिप्रसाद जॉर्ज टाउनमधल्या ज्या घाऊक दुकानात काम करतो, तिथे गल्ल्यावर बसलेला माणूस उठत नाही, असं त्याने बजावलं होतं, म्हणून सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत मी उठले नाही, आणि उठायला लागू नये म्हणून पाणीही प्यायले नाही. एवढं करून पाचशे कमी.

त्या दिवशी पाचशेची नोट मला फक्त एकाच माणसाने सुटी करून दिली होती: शेजारच्या टेबलावरचे व्यंकट अण्णा. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते स्वतःच्या शेतातला भुईमूग आणि शेंगदाण्याची चिक्की विकतात. त्या पाचशेंवरून त्यांच्याबद्दल मी मागच्या पत्रात जे लिहिलं होतं ते तुमच्या लक्षात असेलच, मिशीच्या वर्णनासकट. ते मला सारखं “पापा” म्हणतात. (इथे लहान मुलीला म्हणतात. मी चोवीस वर्षांची आहे.)

म्हणून तिसऱ्या रविवारसाठी मी कोहळा निवडला. तुम्ही पाठवलेल्यातला सगळ्यात मोठा. अख्खा कोहळा सहसा कुणी घेत नाही, फोड मागतात, आणि एवढं ओझं उचलून कुणी पळत नाही. देठाकडून चकती कापली, आतला गर काढला, कोरडा केला, केळीचं पान लावलं, आणि चकती परत बसवली. नोट आत टाकायची आणि चकती लावायची, दोन सेकंदांचं काम. पण कापल्याची रेघ दिसत होती. ती झाकायला मी वरून कुंकू फासलं. आत्याबाई, तुम्ही इथपर्यंत वाचून कपाळाला हात लावला असणार. माझ्या मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही. आयुधपूजा बुधवारी होती, पण बाजार रविवारीच भरतो, म्हणून सगळ्यांनी आपापल्या तराजूंची पूजा त्याच दिवशी उरकली होती. प्रत्येक टेबलावर झेंडूचा हार, तराजूला हळद, आणि टेबलाखाली दृष्ट काढून रस्त्यावर फोडायला एकेक कोहळा, वर कुंकू लावलेला, आत एक रुपयाचं नाणं घातलेला. माझाही त्यांच्यातलाच एक दिसत होता, आणि मला वाटलं हे किती सोयीचं झालं.

बारा वाजेपर्यंत आठ हजार तीनशे चाळीस रुपये आत होते. (प्रत्येक नोट टाकताना मी मनात बेरीज करत होते.) पैसा इतका सुरक्षित होता की तीन रविवारांत पहिल्यांदाच मला उठावंसं वाटलं. व्यंकट अण्णांना “लक्ष ठेवा” असं सांगणं शक्यच नव्हतं. उलट त्यांचं तिकडे लक्ष नाही ना, एवढं मी पाहून घेतलं. आधी कोहळ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. परत कोहळ्याकडे, परत त्यांच्याकडे. असं तीनदा. मग शाळेच्या नळावर गेले.

त्यांनी नंतर जे सांगितलं ते असं. तीन रविवार ही पोरगी डोळे वटारून गिऱ्हाइकांकडे बघते, गिऱ्हाईक भाजी ठेवून निघून जातं, म्हणजे टेबलाला नक्की दृष्ट लागली आहे. आज तिने कोहळा कापून, कुंकू लावून तयार ठेवला. पण बाईमाणसाने कोहळा फोडायचा नसतो, घरातलं पुरुषमाणूस सोबत नाही, आणि तोंडाने मागायला लाजते. तीनदा डोळ्यांनी मात्र विचारलं. मग वडीलधाऱ्याने एवढं तरी करायला नको का?

मी परत आले तेव्हा कोहळा त्यांच्या दोन्ही हातांत होता आणि चकतीवर कापूर जळत होता. आठ हजार तीनशे चाळीस रुपयांवर जाळ. ते माझ्या टेबलावरून कोहळा ओवाळत होते आणि आजूबाजूचे सगळे हात जोडून उभे होते. मला ओरडायचं होतं. पण पूजा चालू असताना मध्ये ओरडू नये, हे अप्पांनी मुळाक्षरांच्याही आधी शिकवलं असावं, कारण माझा आवाज फुटला नाही आणि हात आपोआप जोडले गेले. तीन वेळा ओवाळून होईपर्यंत मी हात जोडून उभी होते. मग ते फाटकाबाहेर गेले, कोहळा डोक्याच्या वर उचलला आणि रस्त्यावर आपटला.

नोटांना रबर नव्हतं.

शंभराच्या, दोनशेच्या, पाचशेच्या नोटा कुंकवात माखून रस्ताभर पसरल्या. मग गजरेवाली म्हणाली, “काय दानत आहे बाई या मुलीची.” आणि लोक वाकले. फुटलेल्या कोहळ्यातलं नाणं ज्याला मिळेल त्याचं, ही रीत. कुणी झोंबाझोंबी केली नाही, कुणी लपवून घेतलं नाही. उचललेली नोट प्रत्येकाने डोळ्यांना लावली आणि मग खिशात टाकली. तीन रविवार मी ज्या चोरीची तयारी करत होते तिच्यात असं काहीच नव्हतं. एका रिक्षावाल्याने तर मला नमस्कार केला. मीही त्याला केला.

व्यंकट अण्णा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “पापा, तुझ्याकडे सुटा रुपया नव्हता का?”

माझ्या तोंडून एकच शब्द निघाला. “गल्ला.”

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले, त्यांनी रिक्षा अडवली, मागची बस अडवली, आणि ज्या आवाजात कारखान्यात पाळी सुटल्याचं सांगत असतील त्या आवाजात म्हणाले की ही दक्षिणा नाही, या मुलीच्या आत्याचे पैसे आहेत. लोक परत फिरले. कुंकू पुसून नोटा देत होते. बसच्या कंडक्टरने चाकाजवळची वीस रुपयांची नोट वाकून काढून दिली. मी मोजायला घेतल्या, लोकांसमोर, पहिल्यांदाच, आणि माझ्याकडून त्या इतक्या उलटसुलट लागत होत्या की अण्णांनीच त्या एका तोंडाने लावून दिल्या.

आठ हजार पाचशे एक भरले. एकशे एकसष्ट जास्त. कुणीतरी देवीचं काम समजून शंभर घातले, कुणी पन्नास, कुणी अकरा. कुणी ते कळायला मार्ग नाही. मी दोन तास फाटकाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलं. सगळे म्हणाले आमचे नाहीत. तेव्हा तुमच्या नियमाप्रमाणे पैसा जुळलेला नाही आणि टेबल हरिप्रसादचं झालं. मी तक्रार करणार नाही. पूर्ण रक्कम अप्पांच्या कपाटात आहे, नोटा थोड्या गुलाबी आहेत.

अप्पांचा तुम्हाला आशीर्वाद, गुडघ्याला जपा.

तुमची,
विद्यालक्ष्मी

ता. क. कोहळ्याचे साठ रुपये धरले नव्हते. तोही तुमच्याच मळ्यातला. ते मी वेगळे ठेवले आहेत.

ता. क. २. अप्पांनी काल स्टीलच्या डब्याची पूजा करायला आतला कागद काढला. पाचशेची नोट कागदाखाली होती. कागद मीच घातला होता.

ता. क. ३. (शुक्रवार. पत्र टाकायला निघाले होते, परत बसून लिहिते आहे. खरं मागणं हे आहे.) आज सकाळी व्यंकट अण्णा घरी आले. डब्यावरचा पत्ता त्यांनी पाठ केला होता. त्यांचं टेबल येत्या रविवारपासून बंद, असं मीनाक्षी मॅडमनी त्यांना सांगितलं आहे, आणि पुरावा म्हणून फोनवर एका पत्राचा फोटो पाठवला आहे. कोणत्या भाषेत आहे कळत नाही, हिंदीसारखं दिसतं, पापा शिकलेली आहे, वाचून दाखवेल, म्हणून आले. माझंच मागचं पत्र होतं, आत्याबाई. तुम्ही ते मॅडमना पाठवलंत हे मला माहीत नव्हतं. मी वाचून दाखवलं. मग कुणी लिहिलं तेही सांगितलं, आणि कागदाखालच्या नोटेचंही. ते थोडा वेळ बरोबर आणलेल्या चिक्कीच्या पुडीची सुतळी सोडत बसले, मग म्हणाले, “मग उत्तरही तूच लिही.” ते हे. माझं टेबल गेलं तरी चालेल, पण तुम्ही रविवारच्या आत मॅडमना फोन करा आणि चूक माझी होती असं सांगा.

ता. क. ४. वाचून दाखवताना मी मिशीची ओळ गाळली होती. ते गेल्यावर राहवेना, म्हणून फोन करून तीही सांगितली. त्यांनी फोन ठेवून दिला. चोरीचा आळ त्यांनी चिक्कीची पुडी सुटेपर्यंत माफ केला होता, मिशीचं अजून केलेलं नाही. तेव्हा मॅडमशी बोलाल तेव्हा मिशीबद्दलही दोन बरे शब्द बोला, आणि ते त्यांच्या कानावर जातील असं बघा.