तुझ्या आईचे चार मासे

हिंजवडी, पुणे
१४ मे २०२५

चि. इंद्रजीत,

अण्णांचे आशीर्वाद. सौ. नम्रतालाही सांग. तिला जरा जास्तच सांग, का ते पुढे कळेल.

इकडे ऊन मरणाचं आहे. कंपन्यांच्या बसगाड्या आपल्या दारापासून चौकापर्यंत उभ्या असतात. दूध आणायला गेलो तर ते नासायच्या बेतात घरी पोचतं. तुझी बहीण तनुजा दर रविवारी कात्रजहून येते आणि डबे भरून ठेवते. तिला वाट सापडते. माझी तब्येत बरी आहे. तू विचारलं नव्हतंस, तरी कळवतो.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू ‘अण्णा, एक मिनिट’ म्हणतोस आणि ते मिनिट काही संपत नाही. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

तुझा निरोप मिळाला. जूनमध्ये पुन्हा तिकडे परदेशात तुझ्याकडे येऊन गेल्या वर्षीच्याच तळ्यावर वॉलाय नावाचे मासे धरायला जायचं, विमानाचं तिकीट तू काढणार, मला तेवढाच बदल. मासेमारीच्या परवान्यासाठी माझ्या पासपोर्टचा फोटोही मागितलास. शिवाय आईचा तिथला फोटो, दोन्ही हातांत मासा धरून हसतानाचा, तनुजाकडून मोठा करून घेतलास. त्याखाली लिहवून घेतलंस, ‘आईचा सर्वांत आनंदाचा दिवस’. तो बैठकीत लावायला सांगितलास.

फेब्रुवारीत ती गेली तेव्हा तू सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलंस. रजा नव्हती म्हणालास, मीही तसंच सगळ्यांना सांगितलं. तेव्हा तू रडत म्हणालास, “निदान तळ्यावर तरी नेलं तिला. तेवढं तरी माझ्या हातून झालं.” एवढं तुझ्यापाशी राहू द्यावं, असं मी तीन महिने स्वतःला बजावत होतो. आज ते काढून घ्यायला बसलोय.

गेल्या वर्षी तुझ्याकडे निघायच्या आधी महिनाभर तिची नुसती धांदल चालली होती. लहानपणी पौडला ओढ्यात ती पदराने मासे धरायची, हे तुला ठाऊकच आहे. मंडईत जाऊन आमसुलं आणली, मसाला कुटला. शेजारच्या राजनंदिनीला सांगून आली, “लेक मासं धराया नेतोय मला. म्हातारीला कोण नेतंय गं असं?”

तुझ्या घरापासून तळ्यापर्यंत गाडीने सात तासांचा रस्ता, शेवटच्या गावानंतर फोनही बंद. मी पाटबंधारे खात्यात कालव्यावर जन्म काढला, पण असं नितळ पाणी पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिने दोन मासे धरले. त्यांचे ते मांजरासारखे डोळे बघून पोरीसारखी ओरडली. आमसूल घालून कालवण केलं आणि तू दोनदा वाढून घेतलंस. तो दिवस खरोखरच आनंदाचा होता. फोटो दुसऱ्या दिवसाचा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ताप होता. त्या लाकडी घराच्या भिंती फळीएवढ्या, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. नम्रता म्हणाली, “आईंना आज झोपू दे.” तू म्हणालास, “एका परवान्यावर चार मासे. ती बोटीत नसेल तर तिचे चार धरता येत नाहीत. शनिवारी साहेबांसकट बारा माणसं जेवायला आहेत. ही दोघं म्हणजे आठ मासे, म्हणून तर आणलंय ना!” नम्रताने तुला गप्प बस म्हटलं. तू हसलास.

आम्ही दोघेही जागे होतो.

इथवर तुझं झालं. आता माझं. मी डोळे मिटून पडलो, जणू ऐकलंच नाही. ती म्हणाली, “मला न्हाई जायचं. थंडी वाजून येतीया.” मी म्हणालो, “चल गं, पोराचा हिरमोड होईल.” तिच्या पायात मोजे मी माझ्या हाताने चढवले, इंद्रजीत. एक पाय तिने मागे ओढून घेतला, तो मी धरून पुढे आणला. हे तनुजालाही सांगितलेलं नाही.

बोटीत ती गळ टाकून बसली. तुझी पाठ वळली की गळाचं आमिष काढून पाण्यात सोडून द्यायची. दिवसभर रिकामा गळ. तिच्या वाटचे चारही मासे तूच धरलेस, आणि त्यातला मोठा तिच्या हातात देऊन म्हणालास, “आई, हस.” ती हसली. तुझ्या आईला सांगितलेलं ऐकायची सवय होती.

घरी आल्यावर मी जेवायला हाक मारली की म्हणायची, “आले, आले. चार मासं आले.” मला हसावं लागायचं. आठ महिने हसलो. दवाखान्यात शेवटी तिने माझा हात धरून शपथ घातली, “इंद्राला सांगू नका. लई लागंल त्याला.” ती शपथ मी आज मोडली. तुला लागावं म्हणूनच मोडली. त्या फोटोखाली बसून मला रोज दोन घास गिळायचे होते, आणि ते मला जमेना.

फोटो सोबत परत पाठवतोय. चौकट ठेवून घेतली. तिच्यात आधार कार्डावरचा फोटो लावलाय. त्यात ती हसत नाही, कारण तिला कुणी हस म्हणालं नव्हतं.

पासपोर्टचा फोटो पाठवत नाही. शनिवारी माणसं कमी बोलाव. तुझ्या आईचे चार गेले, माझे चार मी देत नाही.

तिच्या पायात मोजे घालणारा,
तुझा बाप