पंख्याचं निमित्त

आई,

नमस्कार वगैरे आज राहू दे. हे पत्र टाकणारही नाही, कारण वाचून तू रडशील आणि समजूत मलाच घालावी लागेल.

आज दवाखान्यात माझी पहिली तपासणी झाली. नर्सने विचारलं, "घरात कुणाला गरोदरपणात बीपीचा त्रास होता का?" मला ठाऊक नव्हतं, म्हणून तिथूनच तुला फोन लावला. तू म्हणालीस, "ताईला होता. त्यानेच बाळ गेलं, असं डॉक्टर मला म्हणाले होते. पण तिथे बोलू नकोस."

मग ताई स्टुलावर चढून पंखा पुसत होती म्हणून बाळ गेलं, हे इतकी वर्षं पाहुण्यारावळ्यांत कोण सांगत होतं? "घरात आजार आहे म्हटलं असतं, तर तुझं लग्न जमलं असतं का?" म्हणालीस. माझ्या नावावर खपवू नकोस.

नर्सला मी सगळं सांगितलं. मग ताईला फोन करून तेच सांगितलं. वाटलं, ती तुझा उद्धार करेल. पण तिने हळूच विचारलं, "म्हणजे पंख्यामुळे नाही?"

जिचं लग्न जमलं, ती
तुझी धाकटी