काचरीची आमटी

आई, तू आमटीत काचरी का घालायचीस, हे विचारायला आता कुणी उरलं नाही. म्हणजे बाबा आहेत. परवा पुण्याला फोन करून त्यांना विचारलं तर म्हणाले, "मला काय माहीत? पानात पडेल ते जेवायचो आणि ऑफिसला जायचो." मग इकडे थंडी किती आहे ते विचारून त्यांनी फोन ठेवला. म्हणून शेवटी तुलाच लिहायला बसलोय. माझं मराठी तुला माहीत आहे, मध्येच हिंदी घुसेल, मतलब घुसणारच, तेवढं चालवून घे.

मी आता रॉटरडॅमला असतो. तू बाबांच्या बदलीमागे चिपळूण सोडून जयपूरला आलीस, तसा मी बायकोच्या नोकरीमागे इथे आलो. ती सकाळी ऑफिसला जाते, मुलगी शाळेत जाते, मला अजून काम मिळालेलं नाही, तेव्हा स्वयंपाकघर आपोआप माझ्या गळ्यात पडलं. इथल्या भारतीय दुकानात तुला जयपुरात जे जे मिळायचं नाही ते सगळं मिळतं. खवलेलं खोबरं मिळतं, कोकमाचं आगळ मिळतं, आमसुलांची पाकिटं तर फळीभर लावलेली असतात. आणि मी त्या फळीसमोर उभा राहून काचरी मागतो. दुकानदाराने ते नावच कधी ऐकलेलं नाही. त्याला मी समजावून सांगतो की ते रानकाकडीसारखं छोटं आंबट फळ असतं, राजस्थानात वाळूत त्याचे वेल पसरतात, चिरून वाळवून ठेवतात. तो मान हलवतो आणि आमचूर पुढे करतो.

काचरी आपल्या घरात भाभीजींमुळे आली, एवढं मला पक्कं आठवतं. जयपूरच्या मानसरोवर भागातल्या क्वार्टरमध्ये आपण नवीन होतो, तू चिपळूणहून आणलेली आमसुलं संपली होती, आणि चिंचेने बाबांचं पोट बिघडायचं. शेजारच्या भाभीजी दारात उभ्या आहेत, हातात स्टीलची वाटी. "बहनजी, एक बार काचरी डाल के तो देखो. मेरे पीहर की है, चौमूं की." तू त्यांच्या माहेरची ती एक फोड जिभेवर ठेवतेस, डोळे बारीक करतेस आणि वाटी ठेवून घेतेस. त्या दिवसापासून आपली आमटी तशी झाली. मी तेव्हा इतका लहान होतो की आमटी म्हणजे काचरीचीच, अशी माझी समजूत होऊन बसली. इकडे येण्याआधी मी मुद्दाम जयपूरला जाऊन आलो. भाभीजी आता नाहीत, त्यांच्या सुनेने पिशवीभर बांधून दिली, ती आता संपत आली आहे.

तर गेल्या महिन्यात इथल्या एका मराठी कुटुंबाने जेवायला बोलावलं, प्रत्येकाने काहीतरी करून आणायचं असं ठरलं. आम्हाला इथे कुणी फारसं ओळखत नाही, त्यामुळे मी जीव ओतून आमटी केली. त्यांच्या घरी त्यांची आई आली होती, दापोलीची. तिने वाटी तोंडाला लावली आणि थांबली. "चव चांगली आहे रे, पण ही आपली आमटी नव्हे हो." रागावून नाही म्हणाली, अगदी मायेने म्हणाली, आणि निघताना माझ्या हातात आमसुलांची पुडी दिली. मला तोंडात मारल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी ती घालून आमटी केली. बायको म्हणाली, "आज कशी बरोब्बर झाली." मुलगी म्हणाली, "बाबा, नेहमीची कर ना." आणि मला काही कळेना. ती चव चांगली होती, खोल आणि थोडी गोडसर. पण घास गिळताना वाटलं, ही तर आईच्या माहेरची चव, मग मला ती परकी का लागतेय? आणि ही सोडून तू इतकी वर्षं दुसरंच काहीतरी खात राहिलीस, ती काय नाइलाजाने?

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. तू जयपुरात सुखात होतीस, असं मी धरून चाललो होतो. हसायचीस, भाभीजींबरोबर गच्चीवर मंगोड्या, म्हणजे मुगाचे सांडगे, घालायचीस, भाजीवाल्याशी हिंदीत भांडायचीस. पण एकदा मामा आला आणि त्याने आमसुलं आणली. तू ती बरणीत भरून वरच्या फळीवर ठेवलीस आणि आमटीत काचरीच घालत राहिलीस. मग तुला ताप आला. मी शाळेतून आलो, कुकर लावला, स्टुलावर चढून बरणी काढली आणि आमसुलं घालून आमटी केली, म्हटलं आई खूश होईल. तू वाटी संपवलीस. पुन्हा मागितलीस, तीही संपवलीस. आणि मग एवढी चिडलीस की मी रडायला लागलो. "कुणी सांगितलं होतं तुला त्याला हात लावायला?" मी विचारलं, कशासाठी ठेवलीत मग? "ठेवलीत म्हणून ठेवलीत." आणि भिंतीकडे तोंड करून पडलीस.

त्यावरून मी म्हणू शकतो की तुला तीच हवी होती, आणि रोज खाल्ली तर पुन्हा सोडवणार नाही म्हणून तू हात आखडता घेतलास. पण मग त्याच्या पुढच्या मे महिन्याचं काय करू? आपण चिपळूणला गेलो, तेव्हा तू बॅगेत कपड्यांच्या घडीत काचरी घेऊन गेली होतीस. आजोळच्या स्वयंपाकघरात, जिथे आमसुलं सुपात पसरलेली होती, तिथे तू उभी राहून आमटीत काचरी घातलीस. मामीने नाक मुरडलं. "हे काय गो वन्सं, मारवाडी झालात की काय?" तू हसलीस आणि म्हणालीस, "मला आता हीच लागते." मी पानावर बसलो होतो, मी ऐकलंय. मग जयपुरात तसं आणि चिपळूणला असं का? तुला नक्की काय हवं होतं? की जिथे असशील तिथे नसलेलंच हवं असायचं? मी खूप विचार केला, माझं डोकं चालत नाही. कधी वाटतं तू मामीला चिडवायला तसं म्हणालीस. कधी वाटतं खरंच म्हणालीस, आणि तापातलं ते चिडणं नुसतं तापाचं होतं.

काल जेवताना मुलीने विचारलं, आजीला कुठली आमटी आवडायची? दोन्ही पातेली समोर होती, कारण हल्ली मी दोन्ही करतो आणि कुठलीच नीट जमत नाही. मी लगेच म्हणालो, काचरीची. तिने मान डोलावली आणि काचरीची वाढून घेतली. आता ती हेच धरून चालेल, पुढे तिच्या मुलांनाही सांगेल. मला खरं माहीत नाही, आई. तू तिथे सुखात होतीस असं मला हवंय, नाहीतर मला इथे राहता येणार नाही. म्हणून तुझ्या वतीने मीच उत्तर देऊन टाकलं.